मढमधील प्राणी व त्यांचे वाटे : एक शास्त्रीय विवेचन

प्राणी कोणाचा, हे ठरवण्याच्या तीन कसोट्या जाणकार सांगतात : जो विकत घेतो त्याचा, जो नाव ठेवतो त्याचा, आणि जो खायला घालतो त्याचा. मुंबईत मालाड स्टेशनबाहेर २७१ नंबरच्या बसमध्ये या तिन्ही कसोट्या घेऊन चढावं, तर पहिली आक्साला उतरते आणि दुसरी एरंगळला. तिसरी कशीबशी मढ जेट्टीपर्यंत पोचते. तिथे एक मांजर येतं, तिला हुंगतं, आत मासा नाही याची खात्री करतं आणि निघून जातं.

प्रस्तुत विवेचनाचा विषय म्हणजे हे मांजर. ते कुणी विकत घेतलेलं नाही. नाव विचारलं तर ‘मांजर’ एवढंच सांगतात. त्याला खायला कोण घालतं, असं विचारलं की विचारणाऱ्याकडे जरा काळजीने बघतात. पण म्हणून ते भटकंही नव्हे. अमुक ओट्यावर तेच बसणार, दुसरं आलं तर त्याची गच्छंती होणार, आणि बोटी लागायच्या वेळी ते कुणीही न बोलावता धक्क्यावर हजर असणार. मढचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आला, पुढे इंग्रजांकडे गेला आणि आता हवाई दलाच्या ताब्यात आहे. आत जायला माणसाला परवानगी लागते. मांजराच्या बाबतीत चारही राजवटींचं धोरण सारखंच राहिलं असावं, असं मानायला जागा आहे.

आता सिद्धान्त. मासेमारीत मिळकतीचे वाटे पडतात. खलाशांचे पडतातच, पण बोटीचाही पडतो आणि जाळ्याचाही. निर्जीव जाळ्याला वाटा, आणि ते कुरतडणाऱ्या उंदरांवर डोळा ठेवणाऱ्या जिवाला काहीच नाही, हे न्यायाला धरून होणार नाही. मढच्या मांजरांनी हा मुद्दा कधीतरी कसलंही निवेदन न देता मान्य करून घेतला. सबब, मढमध्ये प्राणी कोणी पाळत नाही, त्याचा वाटा पडतो. धक्क्यावर कोलंबी निवडत बसलेल्या एका मावशींना हे सविस्तर ऐकवलं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “ती आमची नाय, म्हावऱ्याची हाय.” आमच्या दोन पानांचा आशय चार-पाच शब्दांत मावला, याचं किंचित वाईट वाटलं, पण शास्त्रात आप्तवाक्य हे प्रमाण असल्याने ते इथे नोंदवून ठेवतो.

आक्षेप असा येतो की वाटा ठरलेला असेल, तर मांजर चोरी का करतं? इथे बोंबलाचा विचार करावा लागतो. बोंबील वाळत घालताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. गाठ नाही, खिळा नाही, दोघं एकमेकांच्या तोंडावर तरंगतात. बाहेरून आलेला माणूस या युक्तीचं कौतुक करून फोटो काढतो. मांजर तिच्याकडे व्यवहाराच्या नजरेने बघतं : एक ओढला की दुसरा आपणहून खाली येतो. म्हणून दोऱ्या उंच बांधतात. तरी खालच्या दोरीवरची एखादी जोडी अधूनमधून हिशेबात कमी भरते, आणि त्यावर घरात जो आरडाओरडा होतो त्यात राग कमी आणि रीत जास्त असते. आमच्या मते ही चोरी नव्हे, वाट्यातली आगाऊ उचल आहे.

वाटा आणि किंमत या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, याला इतिहासात दाखले आहेत. सातारच्या शाहू महाराजांना खंड्या नावाच्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून वाचवलं. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि एका दरबारी प्रसंगी जरीचे कपडे व जवाहीर घालून स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं, असं इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे. संगम माहुलीला खंड्याची समाधी दाखवतात. हा वाटा झाला, जरा मोठा असला तरी. उलट १८३२ साली मुंबईच्या सरकारने भटकी कुत्री मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे द्यायचं ठरवलं. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी खवळले, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली आणि दंगल झाली. मुंबईत कुत्र्याचा दर सरकारी हिशेबात चढला, तो असा.

किमतीचा प्राणी मढला मिळतो तो बंगल्यांच्या बाजूला. तिथे सैबेरियात गाडी ओढण्यासाठी जन्मलेला हस्की एसीच्या झोतात पाय पसरून पडलेला असतो, आणि वीज गेली की माणसांच्या आधी त्याच्यासाठी धावपळ होते. मालिकांच्या चित्रीकरणाला येणारा कुत्रा तर स्वतंत्र प्रकरणाचा धनी आहे. सोमवारी तो एका कुटुंबाचा जीव की प्राण असतो आणि गुरुवारी त्याच बंगल्यात, फक्त पडदे बदलून, दुसऱ्या कुटुंबाचा. त्याच्या तारखा ट्रेनरकडे असतात.

अपूर्व प्राणी पाळू इच्छिणाऱ्यांनी कायद्याची गंमत समजून घ्यावी. अंगणातल्या पेरूवर येऊन बसणारा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं देशी कासवही चालत नाही. ऑस्ट्रेलियातून वंश आलेलं बजरीगर मात्र खुशाल ठेवा. थोडक्यात, प्राणी जितका लांबचा, तितका तो कायद्याने जवळचा. इग्वानासारख्या परदेशी पाहुण्यांची २०२४ च्या नियमांनुसार सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते, म्हणजे घरातल्या भाडेकरूपेक्षा सरड्याचे कागद पक्के. मिसिसिपीच्या खोऱ्यातलं लाल कानांचं कासव बाजारातून आणताना नाण्याएवढं असतं. ते जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं, हे मुलाच्या वाढदिवसाच्या गडबडीत कुणी सांगत नाही. मुलगा नोकरीला लागतो, कासव टाकीतच असतं, आणि मग त्याला रात्रीच्या अंधारात एखाद्या तलावात सोडून येतात. देशी कासवांच्या वाट्यात हा नवा भागीदार घुसतो. ही गोष्ट विनोदाची नाही.

गोल्डफिशबद्दल एकच सांगायचं आहे : माशाला रोज डब्यातलं खाणं घालणारा माणूस पाहून कोळीवाड्यात जे शांत कुतूहल पसरतं, ते कोणत्याही मत्स्यालयात पाहायला मिळणार नाही.

आता सिद्धान्ताची खरी परीक्षा. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. वाटे पडतच नाहीत, तर मांजराचं काय? निरीक्षण असं की मांजर ओटा सोडत नाही. सुकटीच्या डब्याचा आवाज ते तीन घरांपलीकडून ओळखतं, आणि भांडवल घटलं तरी भागीदारी मोडत नाही. मांजर उत्तीर्ण.

अडचण येते ती कोंबडीपाशी. कोंबडी घरचीच, दाणे घरचे, तिला हाका मारतात, संध्याकाळी मोजून झाकतात. सिद्धान्ताच्या साऱ्या अटी ती पूर्ण करते. पण गटारी अमावस्या बहुतेकदा याच बंदीत किंवा तिच्या शेवटाला येते, जेव्हा ताजं म्हावरं नाही आणि पुढे श्रावण आहे. त्या दिवशी कोंबडीचेही वाटे पडतात, आणि ते पडत असताना भागीदार म्हणून तिचं म्हणणं कोणी विचारत नाही. एकच प्राणी वाट्याचा धनी आणि वाटा दोन्ही कसा असू शकतो, हा पेच आमच्या सिद्धान्ताला कायम छळणार आहे. तो इथेच सोडवायचा विचार होता. पण त्या मावशींनी गटारीला जेवायला बोलावलं असल्याने या मुद्द्यावर निःपक्षपातीपणे लिहिणं प्रस्तुत लेखकाला शक्य नाही.