न आलेला स्ट्रायकर

कोल्हापुरात पावसाळा लागला की शाहू स्टेडियमवर चिखल होतो आणि मंगळवार पेठेतला आर्सेनलवाला फॉर्मात येतो. इथला हंगाम तोवर आटोपलेला असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या तालीम-मंडळांच्या संघांची वर्षाची भांडणं भांडून झालेली असतात. तिकडे इंग्लंडातही मेअखेर लीग संपते. दोन्हीकडे चेंडू बंद. अशा वेळी साधा फुटबॉलप्रेमी घराची गळकी कौलं बघतो. आर्सेनलवाला चहाच्या गाड्यासमोर कट्ट्यावर बसून स्ट्रायकर खरेदीला लागतो.

वय चाळिशीच्या पुढं, नोकरी पतसंस्थेत, तीही वसुलीला. २००३-०४ साली आर्सेनल अख्खी लीग एकही सामना न हरता जिंकलं तेव्हा हा कॉलेजात होता. त्या वर्षी जीव जडला आणि पुढची वीस वर्षं लीगविना गेली. "राइसला आपण साडेदहा कोटी पौंडांना घेतला, महाग नाही पडला," असं तो इतक्या सहज सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, व्यवहाराला हा स्वतः लंडनला गेला होता आणि शेवटचे पाच लाख यानंच घासाघीस करून कमी केले.

लोकांना वाटतं, हा ऑगस्टची वाट बघतोय. माझं मत उलटं आहे. २०२३, २०२४, २०२५ अशी ओळीनं तीन वर्षं त्याचा संघ दुसरा आला. मे महिन्यात त्याचं तोंड बघवत नाही. पण जून उजाडला की त्याला पुढचे अडीच महिने कुणी हरवू शकत नाही. मॅचच नाही तर हरणार कसं? आणि या काळात संघात जो खेळाडू यायचा असतो, तो कधी पेनल्टी चुकवत नाही, त्याचा गुडघा दुखत नाही, त्याला लाल कार्ड मिळत नाही. सही झाली की बिघाड सुरू. म्हणून आलेल्या खेळाडूपेक्षा न आलेल्यावर त्याचा जीव जास्त.

सुआरेझचं प्रकरण तो अजून भक्तिभावानं सांगतो. २०१३ साली लिव्हरपूलच्या या स्ट्रायकरच्या करारात चार कोटींच्या वरच्या बोलीविषयी काहीतरी कलम आहे असं आर्सेनलला कळलं. मग आर्सेनलनं बोली लावली चार कोटी पौंड आणि वर एक पौंड. लिव्हरपूलच्या मालकानं जाहीरपणे विचारलं, की एमिरेट्स स्टेडियमात ही आर्सेनलची मंडळी फुंकतात तरी काय? सुआरेझ आला नाही. पुढच्या हंगामात त्यानं लिव्हरपूलसाठीच एकतीस गोल मारले. यावर कट्टा दरवर्षी हसतो, आणि आर्सेनलवाला दरवर्षी शांतपणे म्हणतो, "तो एक रुपया आपण लग्नाच्या आहेरात घालतो की नाही? मग? रीतच आहे ती."

मुद्रिकच्या वेळी मात्र शांतपणा टिकला नाही. २०२३ च्या जानेवारीत हा युक्रेनचा पोरगा आर्सेनलची मॅच बघतानाचे फोटो स्वतःच टाकत होता. आर्सेनलवाल्यानं त्याला मनात डावीकडं खेळवायलाही सुरुवात केली होती. आणि एका शनिवारी चेल्सीनं त्याला उचलला, साडेआठ वर्षांच्या करारावर. त्या दुपारपर्यंत जो युरोपातला सगळ्यात वेगवान विंगर होता, तो संध्याकाळच्या चहाला "नुसता पळतो, क्रॉस कुठाय?" असा झाला. "तसाबी आपल्याकडं मार्टिनेली आहे," म्हणत त्यानं चहा संपवला. पैसे देण्याचं भानही राहिलं नाही.

कट्ट्यावर चेल्सीवालाही असतो. त्याला हिशोब मांडून दाखवायची मोठी हौस. खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून वह्यांत दाखवतात. करार जितका लांब, तितका वर्षाचा बोजा कमी. चेल्सीनं आठ-आठ वर्षांचे करार केले ते यासाठी. पुढं यूएफानं आणि मग प्रीमियर लीगनंही ही विभागणी पाच वर्षांवर आणून बांधली. हे आर्सेनलवाल्याला कुणी समजावून सांगायला नको, हप्त्यांत तर त्याचा जन्म गेला. पण चेल्सीनं आपलीच दोन हॉटेलं आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकून नफा दाखवला, हे कळलं त्या दिवशी त्याच्यातला वसुली अधिकारी जागा झाला. "आमच्या पतसंस्थेत आसलं केलं असतं तर सहकार खात्याच्या डीडीआरची नोटीस दारात आली असती, भावा!" चेल्सीवाला म्हणाला, "आमच्यात त्याला व्हिजन म्हणतात."

युनायटेडवाला या वादात फारसा पडत नाही. २०२२ चा अख्खा उन्हाळा त्यानं डी याँगसाठी घालवला. बार्सेलोनानं त्याचे थकवलेले पगार आधी द्यायचे की नंतर, यावर याच कट्ट्यावर तोडगे निघाले. बार्सेलोनाला ते कळवायचे तेवढे राहिले. डी याँग तिथंच राहिला. युनायटेडवाला तेव्हापासून कमी बोलतो. ज्याच्या संघात खेळाडू नुकताच आलाय, त्याला असा शांत माणूस फार त्रासदायक वाटतो.

खरा आवाज चढतो तो पगारावरून. तिकडं पगार आठवड्याचा सांगायची रीत आहे. २०१८ साली ओझिलचा पगार आठवड्याला साडेतीन लाख पौंडांवर गेल्याचं छापून आलं आणि आर्सेनलवाल्याची झोप उडाली. क्लबचा मालक अमेरिकेत, मालकाची सासुरवाडी वॉलमार्टची, आणि पैसा पुरेल का याची काळजी मंगळवार पेठेत! पेपेचं दुःख वेगळंच. २०१९ साली सात कोटी वीस लाख पौंडांना घेतला, आणि चार वर्षांनी करार मोडून फुकट सोडून दिला. "बुडीत खात्यात गेला," एवढंच तो म्हणतो, पण असं म्हणतो, की जणू पेपेला जामीन हाच राहिला होता.

२०२० साली कोविडच्या काळात क्लबनं खर्च कमी करायला जी माणसं घरी पाठवली, त्यांत हिरव्या डायनासोरच्या वेशात मैदानावर फिरणारा माणूसही होता. त्याचा पगार मी देतो, असं ओझिलनं जाहीर केलं. कट्ट्यावर या दातृत्वाचं कौतुक झालं. आर्सेनलवाला तेवढा हलला नाही. "पगाराच्या मानानं डायनासोर जास्त पळायचा," म्हणाला.

बाजूला एक आजोबा बसतात. तालमीकडून खेळलेले, आता कान कमी, पण आकडे नीट ऐकू येतात. इंग्लंडात १९६१ पर्यंत खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांच्या वर द्यायला बंदीच होती, जिमी हिलच्या खेळाडू-संघटनेनं संपाची धमकी दिली तेव्हा ती उठली आणि फुलहॅमच्या जॉनी हेन्सला शंभर पौंड मिळायला लागले, हे सगळं त्यांना पाठ. "आमाला जिंकल्यावर मिसळ," ते सांगतात. "हरल्यावर?" कुणीतरी विचारतं. "हरल्यावर घरला जायची सोय न्हवती, मिसळ कुठली?"

मग येते खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची शेवटची रात्र. इंग्लंडात रात्री अकराला हा बाजार बंद व्हायचा, म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेतीन. २०११ साली युनायटेडकडून ८-२ असा मार खाल्ल्यावर तीन दिवसांत आर्सेनलनं जी धावपळीची खरेदी केली, तिच्यातच आर्टेटा आला, आणि आता तोच संघाचा प्रशिक्षक. म्हणून शेवटच्या रात्री झोपायचं नाही, हा नेम. २०२५ साली बाजार संध्याकाळी सातलाच बंद झाला, आपल्याकडं रात्री साडेअकराला. घरच्यांना बरं वाटलं. आर्सेनलवाल्याला ती फसवणूक वाटली. त्या उन्हाळ्यात टॉटनहॅमच्या तोंडचा एझे आपण पळवला होता, योकेरेस आला होता, सगळं मनासारखं. तरी चेहरा उतरलेला, कारण सगळेच आले होते. न आलेला कुणी उरलाच नव्हता.

अशाच दिवसांत तालमीची पोरं पावतीपुस्तक घेऊन कट्ट्यावर आली. यंदा सेंटर फॉरवर्ड बाहेरून आणायचाय, काका, जरा हात सैल सोडा. साडेदहा कोटींना 'महाग नाही' म्हणणारा माणूस सावरून बसला.

"वय काय?"

"तेवीस."

"गुडघा?"

"गुडघा चांगलाय, काका."

"गेल्या साली कुणाकडं हुता? गोल किती? आनि मागच्यानं काय उजेड पाडला? आमी एकवीसशे दिल्ते त्याच्यासाटी."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तो पोरगा पैसे किती घेणार, असं चेल्सीवाल्यानं विचारलं. ओझिलचा आठवड्याचा पगार पाठ असलेल्या त्या कट्ट्यावर या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. "ते बसून ठरवायचंय," एवढंच कुणीतरी पुटपुटलं.

आर्सेनलवाल्यानं खिशातून पाचशेची नोट काढली. "पावती अकराशेची फाड. पाचशे आत्ता. उरलेले सेमीला गेलो तर."

"आनि फायनल मारली तर?"

"तर दोनशे वर. पण फॉरवर्डनं गोल मारला पायजे. पेनल्टी धरायची नाही."

पोरानं ते सगळं पावतीच्या मागं लिहून काढलं आणि खाली सही मागितली. आर्सेनलवाल्यानं पेन घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाला, "जखमी झाला तर काय, ते लिहिलं नाहीस."