वॉटर बॉडी

चाकणच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळतो. शर्टाच्या खिशावर नाव शिवलेलं, गळ्यात ओळखपत्र, आणि गावाकडून ‘ट्रॅक्टर पाणी गाळतोय’ असा फोन आला की हातात व्हर्निअर. वॉटर पंप बदलायला व्हर्निअर लागत नाही. पण मोकळ्या हातानं गेलं तर इंजिनिअर आलाय हे गावाला कळणार कसं?

शाहिस्तेखानाला 1660 साली चाकणचा भुईकोट घ्यायला जवळजवळ दोन महिने लागले. तळेगाव चौकातल्या वाहतूककोंडीत थांबून त्याचं दुःख समजून घेत मी रानात पोचलो, तर मेकॅनिक आधीच आलेला. त्यानं पंख्याचं पातं धरून पुढेमागे हलवलं आणि म्हणाला, “वॉटर बॉडी गेली.” म्हणजे आमचा वॉटर पंप.

असं नुसतं हलवून चालत नाही, मूळ कारण शोधावं लागतं. टोयोटावाल्यांची पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत मी बांधावरच सुरू केली.

“का गळतंय?”

“सील गेलं.”

“सील का गेलं?”

“बेअरिंगला प्ले आलाय.”

“तो का आला?”

“आत पाणी शिरलं.”

“का शिरलं?”

“भोक बुजवलंय.”

“का बुजवलं?”

त्यानं ट्रॅक्टरवाल्या अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी कांद्याकडे पाहिलं.

या भोकाबद्दल मला जरा बोलू द्या, घरी कुणी ऐकत नाही. पंपात एका टोकाला बेल्टवर फिरणारी पुली, दुसऱ्या टोकाला पाणी ढकलणारा इम्पेलर. मधल्या दांड्यावर बेअरिंग आणि सील, आणि त्या दोघांच्या मध्ये, खालच्या अंगाला, एक बारीक भोक. सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे निघतं, ते वाटेतच इथून खाली टपकतं. गळणं हेच त्याचं काम. बिघाड व्हायच्या आधी तोंडावर सांगणारा इतका सरळ इसम अख्ख्या इंजिनात दुसरा नाही. आणि आपण त्याच्या तोंडात एम-सील कोंबतो! रेडिएटर गळला तर हळद टाकतो. तिनं बारीक चीर चार दिवस बुजतेही, पण आतल्या नळ्याही बुजायला लागतात. आमच्या कारखान्यात तक्रारपेटी आहे. तिच्यासमोर कूलर ठेवलाय.

असो. मेकॅनिकनं रेडिएटर रिकामा केला, होजच्या क्लिपा सैल केल्या, बेल्ट आणि पंखा उतरवला. पंपाचे बोल्ट कमीजास्त लांबीचे. निघेल तो बोल्ट त्यानं बिस्किटाच्या पुठ्ठ्यात जागच्या जागी खोचला. पुठ्ठ्यावर पंपाचा नकाशाच उमटला. हेच शिकवायला आमच्याकडे सल्लागार येतो, तोही जेवणासकट. मग हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं तो जुनं पॅकिंग खरवडू लागला. मी व्हर्निअर उघडून पुन्हा मिटला.

“साहेब, मीपण तुमच्याच पट्ट्यात होतो,” तो मान वर न करता म्हणाला. “आयटीआय करून सात महिने. चार बोल्ट आवळायचो. मग ब्रेक दिला.”

लाईनजवळच्या फळ्यावर आम्ही प्रत्येक कामगाराच्या नावापुढे एक वर्तुळ काढतो आणि कौशल्य असेल तेवढं ते रंगवतो. सात महिन्यांच्या पोरांना पाव. पाव रंगवून झालं की पोरगं बाहेर, नवं आत, पुन्हा पाव. त्या फळ्याखाली माझी सही असते. अख्खा ट्रॅक्टर कानानं ओळखणारा हा माणूस कुठल्या तरी फळ्यावर पाव वर्तुळ म्हणून पुसला गेला, याचा मला त्या दिवशी खरोखर राग आला. रागाच्या भरात मी बोल्ट आवळायला पाना मागितला. त्यानं मला बॅटरी धरायला दिली.

नवा पंप बसला, अंगठ्यानं दाबून बेल्टचा ताण पाहिला. रेडिएटर भरायला अण्णा बोअरच्या पाण्याची बादली घेऊन आलेच होते. क्षार साचतात म्हणून ती परत पाठवली, कूलंट भरलं आणि इंजिन चालू झालं. मजुरीत मात्र त्यांनी पन्नास रुपये पाडून घेतले.

तेव्हा ट्रॅक्टरवाल्यांनो, हात जोडून सांगतो: पंपाखाली थेंब दिसला तर पंप बघून घ्या, भोक बुजवू नका. रेडिएटरमध्ये कूलंट घाला. आणि मेकॅनिक मागेल तेवढी मजुरी द्या.