गॅसबत्ती-संग्रहाचे विधी आणि निषेध

टाकीतील घासलेट पंपाच्या हवेने वर चढवून, तापलेल्या नळीत त्याची वाफ करून, ती वाफ मेंटल नावाच्या विणीव पिशवीत जाळणारा दिवा म्हणजे गॅसबत्ती होय. जुनी माणसे यास किटसन म्हणत, आणि यात गॅस कोठून आला असे विचारणाऱ्यास संग्राहकाने हसू नये, कारण वाफ झालेले घासलेट हा गॅसच असल्याने लोकांनी दिलेले हे नाव पंडितांच्या नावांपेक्षा अचूक आहे. पेट्रोमॅक्स हे वस्तुतः बर्लिनच्या एरिख व ग्रेट्झ या कारखान्याचे व्यापारी नाव असून, डालडा हे जसे सर्व वनस्पती तुपांचे नाव झाले, तसे ते सर्व बत्त्यांचे झाले.

ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील कितीही प्रिय असला तरी या संग्रहात धरता येत नाही, कारण त्यास वात असते आणि दाब नसतो. शिवाय तो आईच्या माळ्यावर असतो आणि ती तो देत नाही.

खरेदीसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी वा रविवारी जावे, बत्तीसमोर उभे राहून शेजारच्या कोळशाच्या इस्त्रीचा भाव विचारावा आणि निघता निघता बत्तीकडे बोट करावे, असा प्रघात आहे. विक्रेते तो तीस वर्षे पाहत आले असल्याने इस्त्री स्वस्त आणि बत्ती महाग सांगतात. टाकीस लोहचुंबक घट्ट चिकटल्यास ती पितळेची नसून पत्र्याची आहे असे समजावे, बूड उलटे करून डाग दिल्याच्या खुणा पाहाव्यात, आणि घरी आल्यावर हवा भरून टाकी बादलीत बुडवावी, म्हणजे सायकलवाल्यास जसे पंक्चर सापडते तसे बुडबुड्यांवरून छिद्र सापडते. टाकीवर 829 हा आकडा आणि जर्मनी हा शब्द आढळल्याने हुरळून जाऊ नये, कारण जर्मनी असे कोरण्यास जर्मनीची परवानगी कोणी घेत नाही.

अस्सल जर्मन बत्तीचा अभिमान बाळगणाऱ्याने मेंटलचा इतिहास मात्र वाचू नये. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख याने 1891 मध्ये सिद्ध केलेल्या मिश्रणात सुमारे 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड असे. हे थोरियम ज्या मोनाझाइट वाळूतून निघते, ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मणवाळकुरिची येथे असल्याचा शोध 1909 मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञास परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या कणांवरून लागला, आणि पुढे तेथील वाळू जहाजांनी जर्मनीस जाऊ लागली. म्हणजे बत्ती बर्लिनची आणि उजेड मणवाळकुरिचीचा, असा तो व्यवहार होता. मेंटल प्रथम पेटवताच त्याचे कापड जळून जाते व उरलेली राख उजेड देते. त्या राखेस बोट लावू नये, ही सूचना प्रत्येक पाहुण्यास देऊनही तो लावतो.

इंधननिर्णय हे या शास्त्राचे अवघड प्रकरण आहे. इंग्रजी पुस्तिकांत बत्तीत पॅराफिन भरावे असे छापलेले असते, ते वाचून औषधांच्या दुकानात जाऊ नये, कारण तेथील लिक्विड पॅराफिन बत्तीस न लागता पोटास लागते. ब्रिटनमध्ये पॅराफिन म्हणतात ते आपले घासलेट, म्हणजेच रॉकेल होय. डिझेलने काजळी धरते. पेट्रोल घालू नये, आणि येथे विनोद संपतो: घासलेटची वाफ ठिणगीने पेटण्यास साधारण 35 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णता लागते, तर पेट्रोलची उणे 40 अंशांसही पेटते, आणि ते तापलेल्या, दाबाखालच्या टाकीत भरणे म्हणजे मांडीवर सुरुंग घेऊन बसणे होय. अमेरिकेतील विचिटाच्या कोलमनच्या अनेक बत्त्या पेट्रोलसारख्याच हलक्या इंधनासाठी घडवलेल्या असतात, म्हणून एकीचे इंधन दुसरीस घालू नये. घासलेट ताजे असावे, फडक्यातून गाळावे आणि टाकी पाऊणच भरावी. राहता राहिला ते मिळण्याचा प्रश्न. रेशनच्या दुकानासमोर रांगेत डबा ठेवून निळे घासलेट आणण्याचे दिवस गेले, आणि ज्याच्या घरी अकरा बत्त्या आहेत त्याच्या घरी एका बत्तीचे घासलेट नाही, ही संग्राहकांची सर्वसाधारण स्थिती होय.

पेटवण्यापूर्वी वाटीत जांभळे स्पिरिट जाळून नळी तापवावी, पंपाच्या चामड्याच्या वायसरास तेल द्यावे आणि ज्वाला पिवळी भडकल्यास नळी पुरती तापली नव्हती असे ओळखावे. वरातीत बत्त्या लावणारा माणूस यातले काहीच वाचलेला नसे. तो उकिडवा बसून, विडी तोंडात तशीच ठेवून, केवळ आवाजावरून पंप थांबवीत असे, हे मान्य करताना संग्राहकास त्रास होतो.

बत्ती लागल्यावर मॉडेलविषयी बोलू नये, कारण तिच्या सूं आवाजात काही ऐकू येत नाही आणि समोरचा उगाच मान हलवतो. काही वेळाने तो आवाज खाली येतो, उजेड तांबूस होतो आणि कोणीतरी उठून पंप मारावा लागतो; पूर्वी यावरून भावंडांत भांडणे होत आणि वीस तुझे, वीस माझे अशी पंपाची वाटणी करावी लागे. त्यांतील एकजण आता साठीचा झाला असून, अकराही बत्त्यांचे पंप त्याने एकट्यानेच मारावयाचे आहेत.