समासात जिवंत

महापालिकेकडून मृत्यूचा दाखला मिळवायचा तर चपला झिजवाव्या लागतात, असं ठाणेकर सांगतात. २०२१च्या जूनअखेरीस मानपाड्यात हे सपशेल खोटं ठरलं. तिथल्या पंचावन्न वर्षांच्या एका शिक्षकांना महापालिकेतून फोन आला. अमुक नावाच्या गृहस्थांचा मृत्यूचा दाखला तयार आहे, येऊन घेऊन जा, असं पलीकडच्या बाईंनी सांगितलं. नाव फोन घेणाऱ्याचंच होतं. अर्ज नाही, रांग नाही, ‘उद्या या’ नाही. कागदोपत्री सगळी पूर्तता झालेली. फक्त मरायचं राहून गेलं होतं.

आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये या शिक्षकांना कोविड झाला होता आणि ते ठणठणीत बरेही झाले होते. बरे झालेल्यांच्या रकान्यातून ते गेलेल्यांच्या रकान्यात कधी सरकले, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. ते तक्रार घेऊन महापालिकेत गेले. तिथे खुलासा मिळाला तो असा: तांत्रिक चूक आहे, यादी पुण्याहून आली, ती आम्ही तयार केलेली नाही. पुण्याने बाकीच्या महाराष्ट्राला कमी लेखणं आपल्याला नवं नाही. ठाण्याच्या हयात माणसाला थेट वजाच करणं ही मात्र पुढची पायरी झाली.

कौतुक ठाण्याचंही करायला हवं. यादी आली आणि लगेच फोन गेला. यादीतला माणूस खरंच गेला का, हे विचारायला आधी एक फोन करावा, अशी पद्धत नाही. दाखला न्यायला या, हे सांगायला फोन करायची आहे.

हे शिक्षक वेळेवर फोनवर सापडले. पण ज्याची नोंद खुद्द मृत्यूच्या वहीत होऊन बसते, त्याचं काय होतं? जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९चा आहे आणि त्याचं १५वं कलम सगळ्यांनी एकदा वाचावं असं आहे. नोंद चुकीची असेल तर निबंधक ती दुरुस्त करू शकतो, रद्दही करू शकतो. पण मूळ नोंदीला हात लावायचा नाही. जे काही लिहायचं ते समासात, आणि त्याखाली सही व तारीख. म्हणजे माणूस मरतो तो रकान्यात आणि पुन्हा जिवंत होतो तो समासात. ‘समास सोडून लिहा रे’ असं पोरांना उभा जन्म बजावणाऱ्या मास्तरांवर उरलेलं आयुष्य समासात काढायची पाळी यावी, यापेक्षा सुबक शिक्षा कुठल्या शाळेत सुचली असती?

मानपाड्यातल्या फोनच्या आदल्याच वर्षी, जुलै २०२०मध्ये, ठाण्यातल्याच कोलशेतला खेटून असलेल्या बाळकुममध्ये याहून भयंकर घडलं होतं. ग्लोबल हबमधल्या कोविड रुग्णालयाने कोपरीच्या एका कुटुंबाला त्यांचा माणूस गेल्याचं कळवलं, मृतदेह ताब्यात दिला आणि अंत्यसंस्कारही उरकले. दुसरीकडे कळव्याचं एक कुटुंब आपला बेपत्ता रुग्ण शोधत फिरत होतं. शोध लागला तेव्हा कोपरीचे गृहस्थ अतिदक्षता विभागात हयात होते आणि कळव्याचे गृहस्थ परक्यांच्या हातून अग्नी घेऊन गेले होते. यावर विनोद करवत नाही. एवढंच नोंदवायचं की दोन्ही कुटुंबांकडे त्या क्षणी असलेली माहिती अधिकृत होती.

खरंच मेलेल्या माणसाला मात्र इतकी सवलत नाही.

कोलशेत घ्या. एका अंगाला खाडी, मध्ये हवाई दलाचं ठाणं, आणि पूर्वी सँडोझची व पुढे क्लॅरियंटची झालेली रसायनांची कंपनी होती त्या जमिनीवर आता लिफ्टने ढगात जाणारे टॉवर. टॉवरच्या पायथ्याशी आगरी-कोळ्यांचं जुनं गावठाण. दोघांची प्रभाग समिती एकच, माजिवडा-मानपाडा, आणि दोघांचं मरणही एकाच वहीत मावतं. मावताना त्रास मात्र वेगवेगळा होतो.

टॉवरमधले आजोबा रात्री झोपेत जातात. घरी मरण आलं की शेवटच्या दुखण्यात तपासणाऱ्या डॉक्टरने ‘४ अ’ नमुन्यात कारण लिहून द्यायचं असतं. आजोबांना दुखणंच नव्हतं, त्यामुळे तपासणारा डॉक्टरही नव्हता. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर नाडी बघतात, हात जोडतात, पण लेटरहेड काढत नाहीत. ‘मी यांना कधी ट्रीट केलेलं नाही’ हे त्यांचं म्हणणं कायद्याला धरून असतं. निरोगी राहून मरण्याचा हा तोटा आजोबांना कुठल्याही योगवर्गात सांगितलेला नसतो. स्मशानात कागद मागतात, कागदाला डॉक्टर लागतो, डॉक्टरला पेशंट लागतो, आणि पेशंट व्हायची वेळ निघून गेलेली असते.

गावठाणातल्या आजीचा घोळ नावाचा. रेशनकार्डावर हिरा, आधारवर हिराबाई आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंगच्या कृपेने ‘हीरबाई’. आयुष्यभर या तिघीजणी एकाच घरात गुण्यागोविंदाने नांदल्या. दाखला एकीच्याच नावाने निघतो आणि मग उरलेल्या दोघी जिवंत राहतात, पासबुकासकट. ‘या सगळ्या एकच’ असं प्रतिज्ञापत्रावर लिहून देणाऱ्याचं दुकान सरकारी कचेरीच्या आसपास कुठेतरी असतंच.

मुदतीही ठरलेल्या आहेत. मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यायची. म्हणजे तेरावा आटोपल्यावरही आठ दिवस हातात उरतात, इतपत उदारता कायद्यात आहे. त्यानंतर तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी. वर्ष उलटलं तर पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाऊन आपला बाप मेला हे सिद्ध करावं लागे. कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाली आणि हे काम जिल्हाधिकारी, प्रांत वगैरेंकडे आलं. शोकाकुल माणसाला आता कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. तो प्रांताची चढतो.

याच कायद्यात आणखी एक मजा आहे. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापायचं नाही, अशी १७व्या कलमात मनाई आहे. माणूस गेला हे जगाला सांगायचं, कशाने गेला हे नाही. अब्रू झाकणारी, शहाणी तरतूद. आणि मग आला कोविड. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ला, म्हणजे मानपाड्यात फोन वाजला त्याच सुमारास, मृतांच्या नातेवाइकांना सानुग्रह मदत द्या आणि कारण नोंदवणाऱ्या कागदांची प्रक्रिया सोपी करा, असा निकाल दिला. मदत पुढे ठरली पन्नास हजार. जे कारण दाखल्यावर लिहायचंच नाही ते सिद्ध करण्यासाठी लोक दाखला घेऊन वणवण फिरले.

इतका कडक पहारा असताना सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मेलेली माणसं वर्षानुवर्षं सुखाने कशी नांदतात, हे कोडं कोलशेतच्या गावठाणाला तरी घालू नये. पणजोबा जाऊन पिढ्या लोटतात, पण तलाठ्याच्या दप्तरी तेच जमीन कसतात. महसूल खात्याला अखेर १ एप्रिल २०२५पासून राज्यभर मोहीम काढावी लागली: मृत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. मोहिमेचं नाव ‘जिवंत सातबारा’. एका खात्याला मेलेले हलवता येत नाहीत, दुसऱ्याला जिवंत टिकवता येत नाहीत. दोघांनी महिन्यातून एकदा याद्यांची अदलाबदल केली तरी बरंच काम मार्गी लागेल.

जमिनीचे कागद आणि मरण यांची गाठ उत्तर प्रदेशात आझमगडच्या लाल बिहारींनी सर्वांत जास्त ओढून दाखवली. जमिनीसाठी नातेवाइकांनी त्यांना कागदावर मारलं आणि १९७०च्या दशकात कर्ज काढायला गेल्यावर हे त्यांना समजलं. मग त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, मृतक संघ काढला, बायकोसाठी विधवा पेन्शन मागितली, आणि १९८९ला अमेठीत राजीव गांधींविरुद्ध उभेही राहिले. कागदावर ते जिवंत झाले १९९४मध्ये. २००३मध्ये त्यांना शांततेचं इग नोबेल मिळालं. हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामासाठी देतात.

आपल्याकडे संघ काढायची गरज पडत नाही, कारण जिवंत असल्याची तपासणी सरकार स्वतःच दर वर्षी घेतं. नोव्हेंबर आला की पेन्शनर हयातीचा दाखला घेऊन निघतात. २०१४पासून ‘जीवन प्रमाण’ आलं, बोट ठेवलं की हयात. सत्तर वर्षं भांडी घासून किंवा जाळी ओढून बोटाच्या रेषा पुसल्या असतील तर यंत्र ओळखत नाही. त्यावर दुसरं बोट लावून बघतात.

आता वाचकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. २०२३च्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायला हवी; ती मागून घ्या. आणि नोंद झाल्यापासून सात दिवसांत खबर देणाऱ्याला दाखल्याची प्रत मोफत द्यायची आहे. ती हातात पडली की खिडकीवरच उभं राहून नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि तारीख मोठ्याने वाचा. मागचे लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या. घरी जाऊन चूक सापडली तर तिची जागा समासात आहे.