काळा, पांढरा आणि बिस्किटी

गॅरेजात आलेल्या गाडीचा मालक खरं बोलेल, यावर पुण्याजवळच्या जांबे परिसरातल्या कुठल्याही अनुभवी मेस्त्रीचा विश्वास नसतो. "सर्व्हिसिंग वेळच्या वेळी", "कुणाला चालवायला देत नाही", "पेट्रोल कायम एकाच पंपावरचं" ही विधानं तो मान डोलावत ऐकून घेतो. हात मात्र एव्हाना प्लगपान्याकडे गेलेला असतो. कॅप उपटायची, पाना फिरवायचा आणि प्लग उजेडात धरायचा.

मग साक्ष सुरू होते. मधलं अ‍ॅल्युमिनाचं टोक फिकट तपकिरी, म्हणजे बिस्किटी असेल, तर पेट्रोल आणि हवेचं जमलेलं आहे, मालकाने निर्धास्त घरी जावं. बोटाला लागणारी कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक ओढलेलाच राहिलाय. काळा रंग ओला आणि तेलकट निघाला, की मेस्त्रीचा चेहरा डॉक्टरी गंभीर होतो. चार स्ट्रोकच्या गाडीत त्याचा अर्थ बहुधा रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली आणि इंजिन ऑइल प्यायला लागलं. नवख्याला सगळ्यात आवडतो तो पांढराफटक प्लग. "किती स्वच्छ!" असं तो म्हणतो, तेव्हा आत मिश्रणात हवा जास्त झालेली किंवा टायमिंग पुढे गेलेलं असतं आणि पिस्टन भाजत असतो.

जांब्यात पांढऱ्यापेक्षा काळ्याचीच चलती असावी, अशी इथली परिस्थिती आहे. एका अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला पुनावळ्याचे टॉवर, आणि मधल्या रस्त्यांवर टँकर आणि काँक्रीट मिक्सर धूळ उडवत फिरणार. ती फिल्टरमध्ये बसली की कार्बोरेटरच्या गाडीचा श्वास कोंडतो आणि पेट्रोल वरचढ होतं. त्यात ट्रॅफिक. प्लगला स्वतःवरची काजळी जाळायला साधारण ४५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ८५० च्या वर गेला तर तोच लाल होऊन वेळेआधी पेट्रोल पेटवतो. हिंजवडीच्या रांगेत दुसऱ्या गिअरवर सरकणाऱ्या बिचाऱ्याला ४५० गाठणं मुश्कील, ८५० चं तर भयच नको.

प्लग वाचायची शास्त्रोक्त पद्धत अशी, की गाडी पूर्ण थ्रॉटलवर पळवायची, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करायचं आणि तिथेच प्लग काढायचा. ऑफिसच्या वेळेला इथे पहिली अट पुरी होत नाही, दुसरी वाहतूक आपणहून पुरी करून देते. रांगेतून थेट गॅरेजात आलेला प्लग फार तर स्लो सेटिंगबद्दल बोलतो, पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल पुरवणाऱ्या मेन जेटबद्दल एक अक्षर नाही. म्हणून जाणता माणूस सकाळी लवकर कासारसाईच्या बाजूला मोकळा रस्ता शोधतो.

जवळच आकुर्डी. तिथल्या बजाजने १९७२ साली चेतक आणली आणि मध्यमवर्गाला प्लगचं शिक्षण घरपोच दिलं. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. प्रमाण सांगितलेलं असलं तरी "गाडीला त्रास नको" म्हणून वर एक माप जास्त घालणारे प्रेमळ लोक होतेच. त्या प्रेमाची काजळी प्लगच्या दोन टोकांमधल्या मिलिमीटरहून कमी फटीत पूल बांधायची, की ठिणगीला उडी मारायचं कारणच उरायचं नाही. 'प्लग शॉर्ट झाला' तो असा. मग स्कूटर तिरकी करणं, किका, देवाचं नाव, आणि शेवटी डिकीतला जादा प्लग. त्याच वर्षी आलेल्या कायनेटिकच्या लूनाला निदान पेडल होतं. प्लग गेला तरी तिचा मालक पेट्रोल वाचवतोय अशा ऐटीत पुढे जायचा.

प्लगचे ज्योतिषीही असतात. चिनी मातीवर बाहेरून, धातूच्या कडेलगत तपकिरी पट्टा दिसला, की "कॉम्प्रेशन लीक!" असं ते जाहीर करतात. तो बहुतेक वेळा उच्च दाबाच्या विजेने हवेतले तेलाचे कण ओढून घेतल्याचा डाग असतो आणि पूर्ण निरुपद्रवी असतो. पण इंजिनकाम निघाल्यावर हे कोण सांगणार?

२००३ मध्ये बजाजने पल्सरच्या एकाच सिलिंडरला दोन प्लग दिले आणि मेस्त्रीला दोन साक्षीदार मिळाले. दोघांचा रंग सारखा बिघडला तर दोष मिश्रणाचा. एकच काळा असेल तर आधी त्याची कॉइल आणि कॅप तपासावी. या दोन प्लगांच्या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस यांचा वाद मद्रास हायकोर्टातून २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचला. प्लगने इतकी मोठी कोर्टं कधी पाहिली नव्हती. २०२० च्या जानेवारीत चेतक परतली ती बॅटरीवर, बिनप्लगची.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं, पेट्रोलच्या नव्या दुचाकींत इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर बसले, आणि मिश्रणाचा हिशेब कॉम्प्युटर ठेवू लागला. आता मालक मोबाइल पुढे करतो.

"दादा, स्कॅनिंग करून आणलीय. एकपण एरर नाही."

"बरं झालं," म्हणत मेस्त्री प्लग काढतो. टोक ओलं, तेलकट. "ऑइल कधी टाकलं होतं?"

"गेल्याच महिन्यात."

"आणि त्याच्या आधी?"

मालक फोनमध्ये बघायला लागतो. मेस्त्री प्लग कागदावर ठेवतो आणि पोराला हाक मारतो, "बोअर उघडायचा रे, रिंगांचा सेट आण."