हातात किती?

विरार लोकलमध्ये पगार दोन प्रकारे सांगतात. स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांना सांगायचा तो वर्षाचा, लाखांत. मित्राने उसने मागितले की सांगायचा तो महिन्याचा, हातात येणारा. दोन्ही आकडे एकाच माणसाचे, पण चारचौघांत एकमेकांना ओळख देत नाहीत.

माझ्या भाच्याला अंधेरीत नोकरी लागली. ‘‘मामा, सहा लाखांचं पॅकेज!’’ ताईने आगाशी गावभर पेढे वाटले आणि सहा लाखांना बाराने भागून महिन्याचे पन्नास हजार खर्चूनही टाकले, अर्थात मनातल्या मनात. पहिला पगार जमा झाला ४२,५९७ रुपये. ताईचा पहिला संशय भाच्यावर गेला, दुसरा त्याच्या न पाहिलेल्या मैत्रिणीवर आणि तिसरा अर्थमंत्र्यांवर.

अर्थमंत्री तात्काळ निर्दोष सुटल्या. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत आयकर नाही. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत नाही. भाच्याची स्लिप त्या रकान्यात कोरी होती. मग ७,४०३ रुपये गेले कुठे?

‘‘ताई, पॅकेज म्हणजे पगार नव्हे. कंपनीला हा केवढ्याला पडतो, तो आकडा.’’

‘‘मला केवढ्याला पडला ते कुणी विचारलंय का?’’

अर्नाळ्याच्या बाजारात सुरमई घेतो तसंच हे. वजन होतं डोक्याशेपटीसकट, तुकड्या येतात मोजक्या. भाच्याचं बेसिक २५,०००. त्याच्या बारा टक्क्यांनी कंपनीचा पीएफ ३,०००, तो पॅकेजमध्येच धरलेला. तेवढाच भाच्याचा स्वतःचा. शिवाय बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १,२०३ रुपये ग्रॅच्युइटीचे. पीएफ म्हणजे सुरमईचं डोकं. फुकट जात नाही, पुढे कधीतरी त्याचं कालवण होतं. ग्रॅच्युइटीला मात्र सलग पाच वर्षं नोकरी लागते, आणि पोरगा एका जागी पाच वर्षं टिकेल यावर त्याच्या आईचाही विश्वास नाही.

उरले २०० रुपये. तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९७५चा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली; त्या योजनेला पैसा पुरवण्यासाठी नोकरदारांच्या खिशात हात घातला गेला. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. सरकार अकरा महिने दोनशे घेतं, आणि बेरीज जुळावी म्हणून फेब्रुवारीत तीनशे.

‘‘दिवस सगळ्यांत कमी आणि कर सगळ्यांत जास्त?’’ ताई उसळली. महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे, हे ऐकल्यावर जरा शांत झाली. पण घरकामाचा पगारच शून्य असल्यामुळे या सवलतीचा तिला उपयोग नव्हता.

गंमत अशी की, त्या ७,४०३ रुपयांपैकी सरकारी तिजोरीत गेले फक्त दोनशे. पीएफचे सहा हजार भाच्याच्याच नावावर कुठेतरी वाट बघत बसले आहेत, आणि ग्रॅच्युइटीचे त्याची पाच वर्षं भरण्याची. पगाराला खरी कात्री लागते ती स्लिपच्या बाहेर: लोकलचा पास, स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, सोसायटीचा मेंटेनन्स आणि उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वर्गणी. यांच्यात प्रमाणित वजावट नाही आणि रिटर्न भरून परतावाही नाही.

तेव्हा नोकरीचं पत्र हाती पडलं की पेढ्यांच्या आधी तीन गोष्टी विचारा: बेसिक किती, कंपनीचा पीएफ पॅकेजच्या आत की बाहेर, आणि ग्रॅच्युइटी धरली आहे का. स्थळ सांगून आलं तरी हेच विचारा. पाहुणे रागावले, तर आकडा वर्षाचा होता असं खुशाल समजा.