अर्ध्या गुणाचे अप्पा

बुद्धिबळाच्या कुठल्याही खुल्या स्पर्धेत एक अप्पा असतातच. पासष्टी ओलांडलेली, खिशात दोन पेनं, पिशवीत थर्मास. पहिल्याच फेरीत खुर्चीवर गुडघे टेकून बसलेला चौथीतला पोरगा त्यांना जेवायच्या आत मात देतो. त्यानंतर अप्पा लढाई सोडून तहाच्या मागे लागतात.

समोर दुसरे ज्येष्ठ आले, की दोघांचेही चेहरे खुलतात. फ्रेंच बचाव, त्यातही एक्स्चेंज! पाच-सहा खेळ्यांत राजासमोरची पट्टी मोकळी, तिच्यावर हत्तींची मारामारी, मागोमाग वजीरही पटाबाहेर. मग अप्पा रीतसर खेळी करतात, “बरोबरी?” असं कुजबुजतात आणि नंतरच घड्याळाचं बटण दाबतात. नियम म्हणजे नियम. समोरचेही दोन मिनिटं डोक्याला हात लावून बसतात. लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही.

“अहो, तुमचं प्यादं जास्त होतं की!” असं कुणी म्हटलं, की अप्पा 1984च्या कार्पोव-कास्पारोव्ह लढतीचा दाखला देतात. “48 डाव, त्यातले 40 बरोबरीत! आणि त्यांना सातची एसटी गाठायची नव्हती.”

खरी जुंपते ती व्हरांड्यात. चुंबकी पट उघडून तोच डाव पुन्हा मांडला जातो. आत वीस मिनिटांत मिटलेलं प्रकरण इथे दीड तास चालतं आणि दोघंही आलटूनपालटून जिंकतात.

शेवटच्या फेरीपर्यंत अप्पा ज्येष्ठांच्या बक्षिसाच्या शर्यतीत असतात. गुण समान झाले, तर निकाल बुकोल्झवर. म्हणजे आपण ज्यांच्याशी खेळलो, त्यांच्या गुणांच्या बेरजेवर. साहजिकच स्वतःचा डाव झटपट बरोबरीत सोडवून अप्पा सभागृहभर फिरतात आणि जुन्या प्रतिस्पर्ध्यांचं मनोभावे भलं चिंततात. ज्याने हरवलं, त्या पोराच्या मागे तर हात जोडूनच उभे. पोराकडे एक घोडा जास्त आहे. तेवढ्यात समोरचा हळूच बरोबरी विचारतो आणि पोरगं विचारात पडतं.

अप्पांना राहवत नाही. पंच दंडाला धरून बाहेर काढेपर्यंत ते बोलतच असतात, “या वयात बरोबरी? शोभतं का हे?”